विद्यापीठाच्या रुग्णालयात आपलं माणूस दाखल असेल तर

मी विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. नातेवाइकांकडून एक तक्रार मला रोज ऐकायला मिळते: "सिस्टर, सकाळपासून इतके जण येऊन तेच तेच विचारून गेले, पण नेमकं काय चाललंय ते कुणीच सांगत नाही." ही तक्रार खरी आहे. शिकवणाऱ्या रुग्णालयाची रचनाच अशी असते की माणसं पुष्कळ येतात आणि बदलत राहतात. निवासी डॉक्टरांच्या ड्युट्या बदलतात, रात्रीचा डॉक्टर वेगळा असतो, इंटर्न काही आठवड्यांनी दुसऱ्या विभागात जातात, आम्ही सिस्टर पाळ्यांमध्ये येतो. दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत पेशंटजवळ सलग असतात ते फक्त तुम्ही. ही जागा नीट वापरली तर तुमच्या माणसाची काळजी चांगली होते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता प्रत्येक नव्या नातेवाइकाला पहिल्याच दिवशी बसवून सांगते. तेच इथे लिहिते आहे.

आधी माणसं ओळखा

युनिटचे, म्हणजे तुमच्या पेशंटला बघणाऱ्या डॉक्टरांच्या गटाचे, प्रमुख, ज्यांना सगळे "मोठे डॉक्टर" म्हणतात, ते राऊंडला येतात आणि मुख्य निर्णय त्यांचा असतो. त्यांच्या हाताखाली निवासी डॉक्टर असतात. हे पूर्ण डॉक्टर आहेत, एमबीबीएस झालेले, आणि आता त्या विषयात पुढचं शिक्षण घेणारे. दिवसभराचं काम तेच ओढतात. इंटर्न रक्त काढतात, रिपोर्टच्या मागे धावतात, केसपेपरवर लिहितात. विद्यार्थी फक्त शिकायला येतात. औषध बदलण्याचा अधिकार त्यांना नसतो.

पहिल्या दिवशी मला किंवा ड्युटीवरच्या सिस्टरला तीन गोष्टी विचारून घ्या. युनिट कुणाचं, आपल्या बेडचा निवासी डॉक्टर कोण, आणि रात्री काही झालं तर कुणाला बोलावतात. आमच्या सिस्टर कितीही घाईत असल्या तरी हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. तपासायला आलेल्या कुणालाही "तुमचं नाव काय आणि तुम्ही कोण?" असं विचारण्यात उद्धटपणा नाही. नीट शिकवलेला डॉक्टर हे स्वतःहूनच सांगतो.

एक वही ठेवा

मोबाइलवर नको, वहीच. मोबाइल नातेवाइकाच्या खिशात घरी जातो, वही उशाशी राहते आणि पाळी बदलून आलेल्या भावाला किंवा मुलीला वाचता येते.

पहिल्या पानावर चालू औषधं लिहा: नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा. त्याखाली कशाची ॲलर्जी आहे आणि ती झाली तेव्हा नेमकं काय झालं होतं ते. नुसतं "ॲलर्जी आहे" याचा आम्हाला फार उपयोग नसतो. अंगावर पुरळ आलं, की फक्त मळमळलं, की श्वास कोंडला, यावर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो.

औषधं लिहिताना लोक गोळ्याच लिहितात. डोळ्यांत घालायचे थेंब, फवाऱ्याची औषधं, त्वचेवरच्या पट्ट्या, झोपेची गोळी, दुखलं की घ्यायची गोळी, स्वतःच्या मनाने चालू केलेली चूर्णं आणि काढे, हे सगळं राहून जातं. आमच्याकडे एक आजोबा नाडी फार मंद पडली म्हणून दाखल झाले होते. गोळ्यांची यादी अगदी व्यवस्थित होती, तिच्यात कारण सापडेना. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी दुपारी त्यांच्याशी बोलत बसली होती. बोलता बोलता कळलं की काचबिंदूसाठी ते रोज दोन्ही डोळ्यांत टिमोलॉलचे थेंब घालतात. ते औषध डोळ्यांतून रक्तात उतरतं आणि हृदयाची गती कमी करू शकतं. आजोबांच्या हिशेबी थेंब हे औषधच नव्हतं, त्यामुळे त्यांनी लपवलं असंही म्हणता येत नाही.

म्हणूनच विद्यार्थ्यांना टाळू नका असं मी सांगते. वॉर्डात निवांत बसून अथपासून ऐकून घ्यायला वेळ असतो तो त्यांच्याकडेच. पेशंट थकला असेल, दुखत असेल, किंवा दहा जणांसमोर तपासून घ्यायला संकोच वाटत असेल तर "आत्ता नको" म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि त्यामुळे उपचारात काडीचाही फरक पडत नाही, पडता कामा नये. पण जमेल तेव्हा बोलू द्या.

राऊंडला काय विचारायचं

मोठ्या डॉक्टरांचा राऊंड बेडपाशी काही मिनिटं थांबतो. निवासी डॉक्टर भरभर केस सांगतात, त्यात इंग्रजी शब्दांचा पाऊस असतो, आणि तुम्ही तोंड उघडेपर्यंत मंडळी पुढच्या बेडवर गेलेली असतात. त्यामुळे प्रश्न आदल्या रात्रीच वहीत लिहून ठेवा, दोन किंवा तीनच. मी सुचवते ते असे: आत्ताच्या घडीला तुम्हाला काय झालंय असं वाटतं? आज कशाची वाट बघतोय? आणि कुठली गोष्ट घडली तर उपचार बदलाल?

तिसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या उत्तरातून तुम्हाला कशावर लक्ष ठेवायचं ते कळतं. "ताप उद्यापर्यंत उतरला नाही तर अँटिबायोटिक बदलू," असं डॉक्टर म्हणाले की तुम्हाला ताप कुठल्या वेळी किती होता हे लिहून ठेवायचं कारण मिळतं.

उत्तर मिळाल्यावर ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा: "म्हणजे छातीत पाणी झालंय, आज सुईने थोडं काढून तपासायला पाठवणार, आणि रिपोर्ट येईपर्यंत औषध हेच, बरोबर?" चुकलं असेल तर डॉक्टर तिथल्या तिथे सुधारतील. आम्ही नर्सिंगच्या मुलींनाही हेच शिकवतो. "समजलं का?" असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो, म्हणून समोरच्याकडून वदवून घ्यावं.

राऊंडमध्ये जमलं नाही तर निवासी डॉक्टरांना दुपारी गाठा. सकाळी त्यांच्यामागे रक्ताचे नमुने, तपासण्या आणि नव्या भरत्या असतात. नातेवाइकांपैकी बोलणारं माणूस एकच ठरवा. चार भावंडांनी चार डॉक्टरांना विचारलं की चार तुकडे हाती येतात, मग घरात भांडणं होतात आणि सोसतं पेशंट.

ड्युटी बदलताना

सगळ्यात जास्त गोष्टी निसटतात त्या एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे पेशंट सोपवताना. यावर चांगलं काम झालेलं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत निवासी डॉक्टरांना हँडओव्हरची ठरावीक पद्धत शिकवली: पेशंट किती गंभीर, थोडक्यात हकिगत, करायची कामं, काय बिघडू शकतं, आणि घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. 2014 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखी इजा 30 टक्क्यांनी कमी झालेली दिसली. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त सांगण्या-ऐकण्याची शिस्त.

तुम्ही यात एवढंच करायचं: नवी पाळी आली की त्या सिस्टरला दिवसातली एकच महत्त्वाची गोष्ट सांगा. "दुपारी सोनोग्राफी झाली, रिपोर्ट यायचाय." "लघवीची पिशवी चार वाजल्यापासून तेवढीच आहे." आमच्या कागदावर ते असेलच, पण तुमच्या तोंडून आलं की आधी लक्षात राहतं.

रात्री काय बघायचं

मॉनिटरकडे बघत बसू नका, माणसाकडे बघा. पेशंट बिघडायला लागतो तेव्हा बऱ्याचदा सगळ्यात आधी श्वासाचा वेग बदलतो, आणि घाईत नीट मोजायचा राहतो तोही तोच. त्याला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. पांघरूण छातीवरून थोडं खाली घ्या, घड्याळ हातात धरा, छाती एकदा वर आली की एक असं पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचा शांत असताना श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो. 25 च्या वर जायला लागला, बोलताना मध्येच थांबावं लागत असेल, मान आणि खांद्याचे स्नायू प्रत्येक श्वासाला ओढले जात असतील तर लगेच सिस्टरला बोलवा आणि आकडा सांगा. "त्यांना कसंतरी होतंय" यापेक्षा "श्वास मिनिटाला 28 आहे, संध्याकाळी 18 होता" हे वाक्य डॉक्टरला जागेवरून उठवतं.

दुसरी गोष्ट वयस्कर पेशंटची. दिवसा बरी असलेली आजी संध्याकाळी अचानक भलतंच बोलायला लागते, सलाईन ओढते, भिंतीवर कुणीतरी दिसतंय म्हणते. घरचे घाबरतात, "वेड लागलं" म्हणतात. याला डिलिरियम म्हणतात. जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणं, पाणी कमी पडणं, एखादं औषध, यातलं काहीही त्यामागे असू शकतं, आणि कारण सापडलं की बहुतेकदा उतरतं. याचा एक शांत प्रकारही असतो. त्यात माणूस नुसतं गुंगीत पडून राहतं, बोलत नाही, खात नाही. "छान झोपल्यात" म्हणून तो नजरेतून सुटतो, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. तुम्ही त्या माणसाला वर्षानुवर्षं ओळखता, आम्ही कालपासून. "ही अशी नसते" हे तुमचं वाक्य आमच्यासाठी वैद्यकीय माहिती आहे, ते स्पष्ट सांगा.

टाळायलाही तुम्हीच मदत करू शकता. चष्मा आणि श्रवणयंत्र घरून आणा आणि लावा, कपाटात ठेवू नका. दिवसा पडदा उघडा. समोर दिसेल असं घड्याळ ठेवा. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे बोलण्याच्या ओघात सांगत राहा. डॉक्टरांची परवानगी असेल तर दिवसातून थोडं बसवा, चालवा. रात्री गप्पा आणि मोबाइल बंद.

हात

तपासायला येणाऱ्याला "हात स्वच्छ केलेत का?" विचारायला लोक लाजतात. शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या इतिहासातला मोठा धडा याच प्रश्नाचा आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत, आणि त्या विभागात सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त बाळंतिणी दगावत. तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी 1847 च्या मे महिन्यात क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरातल्या सुमारे 18 बायका गेल्या होत्या, जूनमध्ये हे प्रमाण 2 वर आलं. तेव्हा विचारा, बिनधास्त विचारा. आणि पेशंटला जुलाब असतील तर नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, साबण-पाणीच लागतं. हे पाहुण्यांनाही लागू.

बातमीतलं औषध

आता ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. नातेवाईक फोन पुढे करतात: "सिस्टर, हे बघा, नवीन संशोधन आलंय, आमच्या पेशंटला हे का देत नाहीत?" कधी ती बातमी आमच्याच विद्यापीठातल्या संशोधनाची असते, मग तर वाटतंच की वरच्या मजल्यावर औषध आहे आणि खाली देत नाहीत. विचारण्यात गैर काही नाही. पण विचारण्याआधी बातमीला काही प्रश्न विचारा.

प्रयोग कुणावर झाला? उंदरांवर किंवा काचेच्या बशीतल्या पेशींवर झाला असेल तर माणसापर्यंत यायला वर्षं लागतात, आणि बहुतेक औषधं वाटेतच गळतात. पहिल्या टप्प्याची चाचणी असेल तर ती मुख्यतः औषध सुरक्षित आहे का आणि किती द्यायचं हे बघते. उपयोग होतो का याचं भरवशाचं उत्तर साधारण तिसऱ्या टप्प्यात मिळतं.

"धोका दुप्पट" किंवा "निम्म्याने कमी" असं लिहिलंय का? मग कशाच्या दुप्पट ते शोधा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1995 मध्ये इशारा आला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. खरा हिशेब असा होता: 7,000 बायकांमागे 1 ऐवजी 2. घाबरून कित्येकींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये गर्भपात हजारोंनी वाढले. "दुप्पट" हा शब्द खोटा नव्हता, पण तो एकटाच पोचला.

फायदा कशात मोजला? रिपोर्टमधला आकडा सुधारणं आणि माणूस जगणं या वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अनियमित ठोके दाबणारी काही औषधं डॉक्टर सर्रास देत होते, कारण ईसीजी सुधारलेला दिसे. 1989 मध्ये मोठ्या चाचणीत कळलं की ती घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त होत आहेत, आणि त्यातल्या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: बातमीतले पेशंट आपल्या पेशंटसारखे आहेत का? कोविडच्या काळातलं डेक्सामेथासोन आठवा. ऑक्सफर्ड विद्यापीठाने चालवलेल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल 16 जून 2020 ला जाहीर झाला. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत साध्या उपचारांवर शंभरातले सुमारे 41 गेले, डेक्सामेथासोन दिलेल्यांत 29. एवढं स्वस्त, जुनं औषध आणि एवढा फरक. ऑक्सिजन लागणाऱ्यांतही फायदा होता, पण कमी: 26 विरुद्ध 23. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात फायदा दिसला नाही, उलट मृत्यूचा आकडा औषध घेणाऱ्यांतच थोडा जास्त होता. मथळ्यात मात्र "जीव वाचवणारं औषध" एवढंच आलं. मग साध्या तापालाच घरी बसून स्टिरॉइड घेणारी माणसं मी पाहिली, साखर चारशेच्या वर घेऊन आलेली. बातमी खरी होती, ती त्यांच्यासाठी नव्हती.

तेव्हा डॉक्टरांना बातमी दाखवताना असं विचारा: "यातले पेशंट आमच्या आईसारखे होते का? नसतील तर फरक काय?" या प्रश्नाला कुणी निवासी डॉक्टर वैतागलेला मी पाहिला नाही. उलट कित्येकदा ते रात्री मूळ शोधनिबंध वाचून सकाळी सांगायला येतात. शिकवणाऱ्या रुग्णालयाचा हा फायदा घ्या.

चाचणीत भाग घ्यायला सांगितलं तर

विद्यापीठाच्या रुग्णालयात असं विचारलं जाऊ शकतं. चाचणी म्हणजे तुमच्या माणसासाठी खास निवडलेला उपचार, असा समज करून घेऊ नका. कुणाला नवं औषध आणि कुणाला नेहमीचं, हे बऱ्याचदा चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, कारण कोणतं बरं ते खरंच कुणाला माहीत नसतं. सही करण्याआधी संमतीपत्र घरी नेऊन वाचायला मागा. नाही म्हटलं तर कोणता उपचार मिळेल, जास्तीच्या तपासण्या किती, इजा झाली तर खर्च कोण करणार, मध्येच बाहेर पडता येतं का, हे विचारा. शेवटच्याचं उत्तर "हो, कधीही, कारण न देता" असंच असायला हवं. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून हे तत्त्व मानलं गेलंय. आज सकाळी विचारून दुपारी सहीची घाई कुणी करत असेल, आणि आजार तातडीचा नसेल, तर थांबा.

ऑपरेशनबद्दल दोनच गोष्टी. नाव, ऑपरेशन आणि बाजू पुन्हा पुन्हा विचारली तर चिडू नका. ती सुरक्षेची यादी आहे आणि पेशंटने स्वतः उत्तर द्यावं. आणि उपाशी ठेवायला सांगितलं तर नेमकं कधीपासून, आणि पाणी कधीपर्यंत चालेल, हे विचारा. पुष्कळ ठिकाणी भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं की "मग आता खायला देऊ का?" हे स्वतःहून विचारा, नाहीतर पेशंट विनाकारण दिवसभर उपाशी राहतो.

घरी जाताना

डिस्चार्ज म्हटलं की सगळ्यांना घाई होते. तरी अर्धा तास मागून घ्या आणि वहीचं पहिलं पान डिस्चार्ज कार्डाशेजारी ठेवून निवासी डॉक्टरांबरोबर ताडून पाहा: कोणती जुनी औषधं चालू, कोणती बंद, कोणती नवी आणि किती दिवस. "बंद" लिहिलेलं नसेल तर लिहून घ्या. घरी जुनी गोळी डबीत असते आणि तेच औषध नव्या कंपनीच्या नावाने कार्डावर असतं, मग दोन्ही घेतली जातात. रक्त पातळ करणाऱ्या आणि साखरेच्या औषधांबाबत हे जिवावर बेतू शकतं.

कोणती लक्षणं दिसली तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता परत यायचं, आणि रात्री आलो तर कुठे, हे लिहून घ्या.

शेवटी विचारा की कोणता रिपोर्ट अजून यायचा आहे. बायोप्सी, कल्चर, काही खास रक्ततपासण्या यांचे निकाल पेशंट घरी गेल्यावर येतात, आणि तोवर तो निवासी डॉक्टर दुसऱ्या युनिटला गेलेला असू शकतो. तपासणीचं नाव, नमुना दिल्याची तारीख, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळेल आणि तो वाचून पुढचं कोण ठरवणार, या चार गोष्टी वहीत उतरवा. सांगितलेल्या दिवशी फोन आला नाही तर सगळं ठीकच असेल असं धरून बसू नका, रिपोर्ट आणायला स्वतः जा.